डिक्कीत भरलेली निमित्तं

"ताई, धक्का देऊ का?"

पंक्चर झालेल्या गाडीला धक्का देऊन काय होणार, हे त्या थंडीत, त्या धुक्यात कोणाला समजावून सांगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मी व्हॅनच्या मागच्या चाकाला लाथा घालत होते. तेवढ्यानं अंग तरी गरम होत होतं.

"धक्का नको. आणि ताईही नको," मी म्हणाले. "टायर बसला आहे. दिसत नाई का?"

तो आपल्या गाडीतून खाली उतरला. उंच, सडपातळ, कानटोपी इतकी खाली ओढलेली की डोळेच काय ते दिसत होते. डोळे मात्र... जाऊ द्या, त्यांच्याकडे नंतर येते.

"धुक्यात नाई दिसला," तो शांतपणे म्हणाला. "स्टेपनी कुठं आहे तुमची?"

झालं! हाच प्रश्न कोणी विचारू नये म्हणून मी मघापासून देवाला विनवत होते.

"घरी आहे," मी म्हणाले. "खाटेखाली."

त्यानं डिक्कीत वाकून पाहिलं. स्टेपनीच्या जागेत हिरव्यागार सांभाराचं क्रेट अगदी मापात बसवलेलं होतं. सांभार म्हणजे आमची कोथिंबीर. त्यानं एकदा सांभाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे... आणि हसला. मोठ्यानं नाही. पण मला राग यायला तेवढं पुरे होतं.

"हसाले काय झालं? स्टेपनी कोणी विकत घेते का बाजारात? सांभार घेते."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मंग लावा सांभार चाकाले."

त्याचं नाव नीरज. मूळचा पुलगावचा, आता वर्ध्यात खोली करून राहणारा. कापसाच्या जिनिंगमध्ये गाड्या तोलायचे जे मोठे वजनकाटे असतात, ते दुरुस्त करायचं त्याचं काम. कापसाचा सीझन सुरू झाला की तो रोज सकाळी या आर्वी रोडनं फिरायचा. हे सगळं मला त्यानं चाकातला खिळा काढता काढता सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. आपणहून बोलायची त्याला सवयच नव्हती.

त्याची डिक्की उघडली आणि मी पाहतच राहिले. पंक्चरचं किट, हवा भरायचा छोटा पंप, दोर, जंपर केबल, लाल त्रिकोण, टॉर्च, पाण्याची कॅन, मलमपट्टीचा डबा, घोंगडी, बिस्किटांचे पुडे...

"बाप्पा! घर सोडून निघाले काय तुमी?"

"नाई." त्यानं रबराची पट्टी खिळ्याच्या छिद्रात दाबून बसवली. "गाडी बंद पडली तर लोकं घरी फोन करतात. मले फोन कराले कोणी नाई... म्हणून सामान ठेवतो."

हे तो असं म्हणाला, जसं कोणी सांगावं की आज वारा जरा जास्त आहे.

त्यानं पैसे घेतले नाहीत. मी वांगी देऊ केली.

"वांग्याचं काय करू? मेसमधे जेवतो मी."

"मंग उद्या भरीत आणीन," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला अजूनही सांगता येणार नाही.

खरं सांगू? मी एकटी होते. आंजीला घर भरलेलं आहे माझं. आई मंदाबाई आहे, बाबा चंद्रभान आहेत, गोठ्यात जनावरं आहेत. पण बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, भाऊ प्रफुल पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, आणि भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात जायची पाळी माझ्यावर आली. सगळं गाव झोपेत असताना मी निघायचे. सोबतीला वांगी, मेथी आणि रेडिओची खरखर. मैत्रिणी लग्नं होऊन गेल्या. खुशी, जिच्याबरोबर मी एका ताटात जेवायचे, ती अकोल्याहून आता फक्त सणाला हात जोडलेलं चित्र पाठवते. आणि मला बघायला येणारी मुलं पोहे संपले की विचारायची, "गाडी लग्नानंतरबी चालवणार का?" मी हो म्हणायचे. मग त्यांचा निरोप यायचा नाही. त्याचं दुःख नव्हतं, पण भल्या पहाटे गाडीत एकटीच बोलत बसायची सवय मला लागली होती, आणि त्या सवयीची मला भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या चहाच्या टपरीजवळ त्याची गाडी उभी होती.

"हवा पाहाले आलो," तो घाईघाईनं म्हणाला. "पट्टी धरते का नाई ते पाहा लागते ना..."

"पाहा," मी म्हणाले, आणि भरीत-भाकरीचा डबा त्याच्या हातात दिला. "मीठ धरते का नाई तेबी पाहा."

त्यानं हवा पाहिली नाही. डबा उघडून उभ्यानंच जेवला. खाता खाता कानटोपी काढली, आणि सकाळच्या कोवळ्या उजेडात मला त्याचे डोळे नीट दिसले. आता सांगते. ते डोळे एखाद्या गोष्टीकडे पाहायचे तेव्हा पूर्ण पाहायचे. भाकरीकडे, नटबोल्टकडे... आणि माझ्याकडे.

मग रोजच काही ना काही निघायला लागलं. पहिलं भांडण स्टेपनीवरून.

"सांभाराचं क्रेट काढ, स्टेपनी ठेव."

"तुमी" कधी गळून पडलं, आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"तू घेशील का माझा सांभार?"

"मेसवाल्याले विकतो. पण स्टेपनी ठेव."

ठेवली! आई म्हणाली, "आमी सांगून सांगून थकलो, आता काऊन सुचलं वं तुले?" मी म्हटलं, बाजारात एक जण सांगत होता. आईनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून भरिताला एक वांगं जास्त भाजायला लागली.

एकदा बाजारातून परतताना, ऊन वर आलेलं असताना, त्यानं मला चाक बदलायला शिकवलं. रस्त्याच्या कडेला तुरीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या.

"पयले नट ढिले, मंग जॅक. गाडी उचलून मंग नट फिरवाले गेली तर चाकच फिरते."

"हा नट ढिलाच होऊन नाई राह्यला."

"पान्यावर पाय दे. जोर लाव."

"घसरली तर?"

"धरीन ना मी..."

नट सुटला, मी घसरले आणि त्यानं धरलं. खांद्याला धरलं, तेवढंच. पण गाडी सरळ उभी होती, मीही सरळ उभी राहिले होते, तरी तो हात तिथंच होता. मग त्याच्या ते लक्षात आलं, आणि तो एकदम जॅकबद्दल बोलायला लागला. त्या दिवशी जॅकबद्दल तो जे बोलला त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.

हळूहळू माझी डिक्की भरत गेली. एक दिवस त्यानं लाल त्रिकोण आणला. "गाडीच्या लय मागं ठेवजो, जवळ ठेवून फायदा नाई." मग पाण्याची कॅन. मग टॉर्च, मग दोर. प्रत्येक वेळी तो शिकवायचा, करून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, "आता एकटीनं जमेल?"

"जमेल," मी तोऱ्यात म्हणायचे.

मला वाटायचं, मुलं गुलाब देतात, हा दोर देतो. असतो एकेकाचा स्वभाव! रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी त्या टॉर्चचा उजेड उगाच आढ्यावर फिरवायचे आणि हसायचे. हा कधीतरी बोलेल, मी मनाशी म्हणायचे. घाई कशाला...

कापूस संपत आला. जिनिंगपुढच्या बैलगाड्यांची, ट्रॅक्टरांची रांग आखडत गेली. आणि एका सकाळी त्यानं स्वतःच्या डिक्कीतली जंपर केबल काढून माझ्या हातात दिली.

"बॅटरी उतरली तर. लाल टोक—"

"लालले. माहीत आहे," मी म्हणाले. "पण ही तुझी आहे. तुले नाई लागणार?"

"तिकडं कंपनीची गाडी भेटून राह्यली. नवी."

"तिकडं कुठं?"

तो चहाच्या ग्लासाकडे पाहत राहिला.

"वसमतले. हळदीच्या बाजारात काटे आहेत कंपनीचे. इथला सीझन संपला ना... कंपनी आता तिकडंच ठेवणार म्हणते."

"हळद लागाले चालला म्हण की," मी म्हणाले. विनोद होता. कोणीच हसलं नाही.

आणि मग मला कळलं. त्रिकोण, कॅन, टॉर्च, दोर... आता एकटीनं जमेल? मी मूर्खासारखी ज्याला प्रेम समजत होते, तो निरोप होता. हळूहळू, एकेक वस्तू देत घेतलेला.

"कधीपासून माहीत होतं तुले?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

"म्हणजे तू मले तयार करून राह्यला होता," माझा आवाज चढला. टपरीवाला वळून पाहायला लागला, पाहू दे! "तुझ्याबगर राहाले तयार करून राह्यला होता!"

"तसं नाई, गुंजन. तू या रस्त्यावर कुठं अडकून उभी आहेस, आणि मी तिकडं दूर... हे मले सहन नाई होणार."

"बस? एवढंच सांगायचं आहे?"

तो थांबला. त्याचे ओठ हलले. एक शब्द, नीरज. कसलाही. वाकडातिकडा असला तरी चालेल, सरळ मी करून घेईन...

"स्टेपनीतली हवा पाहत जाजो," तो म्हणाला. "लोक विसरतात."

तो गेला. मी व्हॅनमध्ये बसून इतकी रडले की मेथीवर पाणी मारायची गरज उरली नाही.

त्यानंतरचे दिवस कसे सांगू? पळस फुलले, उन्हं चढली, पहाटेचं धुकं गेलं. फाट्यावर मी गाडी थांबवणं सोडून दिलं. टपरीवाला हात करायचा, मी हॉर्न वाजवून पुढं जायचे. आई एक वांगं कमी भाजायला लागली आणि काही विचारलं नाही, ते मला जास्त लागलं. वसमतला पोचल्यावर त्याचा एक मेसेज आला होता, "पोचलो." मी "बरं" असं पाठवलं. पुढं काही नाही.

फोन करावासा वाटायचा. रोज वाटायचा. पण फोन करायला काहीतरी निमित्त लागतं, आणि त्यानं तर माझी सगळी निमित्तं माझ्याच डिक्कीत भरून ठेवली होती. बॅटरी उतरली? केबल आहे. इंजिन तापलं? पाणी आहे. अंधार झाला? टॉर्च आहे. इतकी सुरक्षित मी कधीच नव्हते, आणि इतकी एकटीही.

मग एका सकाळी पवनूरच्या पुढं टायर फुटला. मोठा आवाज झाला, गाडी डगमगली. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, ब्रेकवर एकदम पाय न देता गाडी हळूच कडेला घेतली. खाली उतरले. त्रिकोण लांब मागं नेऊन ठेवला. चाकांना दगड लावले. नट ढिले केले, जॅक लावला. एक टेम्पो थांबला, आतून कोणी ओरडलं, "मदत पाहिजे का वं ताई?"

"नाई," मी म्हणाले. "झालंच."

आणि खरंच झालं. स्टेपनीत हवा भरपूर होती. मी हात पुसले, क्रेटवर बसले, नवं चाक पाहत राहिले. केवढं छान जमलं होतं! आणि ते सांगायला आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी फोन काढला आणि विचार करायच्या आत लावला.

पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"गुंजन? काय झालं? कुठं आहेस?"

"पवनूरच्या पुढं. टायर फुटला."

"लागलं का तुले?"

"नाई."

"त्रिकोण ठेवला?"

"ठेवला."

"स्टेपनी—"

"लावून झाली. नट कसले, जॅक उतरवला, पाना जागेवर ठेवला. एकटीनं. कोणाची मदत नाई घेतली."

त्याच्यामागं कुठंतरी हमालांचा गलका चालला होता.

"मंग..." त्याचा आवाज एकदम खाली आला. "मंग फोन काऊन केला?"

मी डोळे मिटले. आता नाही तर मग कधीच नाही.

"गरज असती तर कोणालेबी केला असता. टेम्पोवाल्याले म्हटलं असतं. गरज नाई म्हणून तुले केला. काई काम नाई माझं तुझ्याजवळ. काईच नाई. तरी तूच पाहिजे मले, समजलं का? तू मले सगळं शिकवलं, नीरज, तुझ्याबगर राहाचं शिकवलं नाई. आणि मले शिकायचंबी नाई."

पलीकडे गलका दूर दूर गेला. तो चालत कुठंतरी बाजूला आला असावा. मला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मले वाटलं..." तो अडखळला. "मले वाटलं, कामापुरताच मी लोकाईले चालतो. काटा दुरुस्त झाला की लोकं चहा पाजून वाटेले लावतात. तुझ्या गाडीचं सगळं नीट झालं, तर आता माझं काय... म्हणून बोललो नाई."

"बोल मंग आता."

"मलेबी तू पाहिजे, गुंजन." आणि मग घाईघाईनं, जणू बांध फुटला, "रोज सकाळी फोन हातात धरून बसतो मी. काय म्हणून करू, हेच नाई समजत. येत्या रविवारी येतो. बाबाले भेटतो. वसमत सोडा लागलं तर सोडतो, काटे काय, सगळीकडं आहेत..."

मी जोरात नाक ओढलं.

"रडून राह्यली का?"

"नाई. गप बस जरा. फोन नको ठेवू."

तो गप्प बसला. मीही. ऊन वर येत होतं, बाजारात बोली कधीच सुरू झाली असणार, आणि मी रस्त्याच्या कडेला रिकाम्या शेतांकडे पाहत, त्याचा श्वास ऐकत बसून राहिले.

"गुंजन," बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "पयले बाजारात जा. मेथी सुकेल."

"सुकू दे," मी म्हणाले.