न मोजलेली पावलं

जळगावच्या बसस्थानकावर लोक एकमेकांचे चेहरे बघतात, मी चाली बघते. फिजिओथेरपिस्टची खोड ती. कोण टाच वाचवतं, कोण कंबरेवर राग काढतं, सगळं डोक्यात आपोआप टिपलं जातं. त्या सकाळी माझ्यापुढे एक उंच तरुण चालला होता. डावा हात ऐटीत झुलत होता, उजवा मात्र अंगाला चिकटलेला. मला राहवलं नाही.

"उजवा खांदा किती दिवस दुखतोय?"

तो वळला. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे… आणि हसला.

"अडीच महिने. आणि तुमचा डावा पाय?"

जळगावात आल्यापासून सहा वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारू दिला नव्हता!

नवव्या वर्षी आमच्या सोनगीरच्या किल्ल्यावरून मी पडले. मांडीचं हाड जुळलं, पण पाय दीड सेंटिमीटर आखूड राहिला. मग वर्षानुवर्षं आरशासमोर चालून मी लंगडणं पुसून टाकलं. आता चपलेत टाचेखाली छोटी गादी आणि मनात मोजणी — एक, दोन, तीन… माझी चाल ही माझी सगळ्यात मोठी कमाई. आणि हा परका माणूस दोन क्षणांत —

"क्लिनिकला या," कार्ड देत मी शक्य तितक्या थंडपणे म्हणाले.

तो आला. तेजस. मुक्ताईनगरकडचा, केळीच्या बागांचा.

"ओळखलं कसं?" पहिल्याच दिवशी मी विचारलं.

"कापणीला घड खांद्यावर घेऊन आम्ही एकामागे एक चालतो, मॅडम. ओझ्यानं मान वर होत नाही, वाट दिसत नाही. पुढच्याचे पाय तेवढे दिसतात. त्यानं जिथे टाकला तिथेच आपण टाकायचा. लहानपणापासून पायच वाचलेत."

"मग आता भिंत वाचा. बोटं चढवा वर."

बोटं जिथवर पोचतील तिथे मी पेन्सिलनं रेघ मारायची, बाजूला तारीख. दर खेपेला रेघ दोन बोटं वर जायची. तो घामाघूम व्हायचा, पण बोलणं काही थांबायचं नाही.

"एक विचारू? मी हात वर नेला की तुमचाही खांदा हलतो."

माझे कान तापले. "हलतो. समोरचा कुठे अडतो, कुठे चोरतो, ते मला आधी माझ्याच अंगात कळतं. पुस्तकातलं नंतर आठवतं."

"मग माझं काय कळलं?"

"शेवटच्या दहा अंशांना तुम्ही घाबरता."

"आणि तुम्ही पहिल्या पावलापासून," तो हळूच म्हणाला. "एक पाय लपवायला दुसऱ्या बाजूची कंबर दुखवून घेतली, तर पेशंटला तुम्ही काय म्हणाल?"

फाडून खाल्लं असतं मी त्या पेशंटला. रोज संध्याकाळी माझी उजवी कंबर ठणकायची, आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याला मात्र सांगून बसले. दोंडाईच्याचं मोडलेलं स्थळसुद्धा.

"घरात चप्पल नसते ना… त्यांनी चालून दाखवायला सांगितलं. अनवाणी. आणि माझी मोजणी चुकली."

त्या दिवशी जाताना तेजस दारात थांबला, मला आधी जाऊ दिलं, आणि माझ्या पावलावर पाऊल टाकत मागे चालला.

आठव्या खेपेला मी म्हणाले, "आता यायची गरज नाही."

"गरज नाही. पण यायचंय… रविवारी, सोनगीरला. आत्याला घेऊन." तो भिंतीवरच्या रेघांकडे बघत होता. "एक अट आहे. त्या दिवशी मोजायचं नाही."

"माझीही एक," मी म्हणाले. "ते दहा अंश राहिलेत. घेऊनच या."

रविवारी स्वयंपाकघरात माझ्या तानुबाई काकूनं माझा दंड धरला. "बशी ऱ्हाय वं पोरी! चहा मी नेते."

"नको काकू. मीच नेते."

अनवाणी पाऊल टाकलं. 'एक' ओठांवर आलं… समोर ओसरीत तेजस बसला होता. आज तो पायांकडे बघत नव्हता, माझ्या डोळ्यांत बघत होता. मी 'एक' सोडून दिलं. अंग डावीकडे कललं, परत आलं, पुन्हा कललं. ट्रेमधले कप किणकिणले. वीस वर्षांनी मी माझी खरी चाल ऐकत होते.

"डावा पाय कमी आहे का गं?" ट्रेमधला कप उचलत त्याच्या कुंदाबाई आत्यांनी विचारलंच.

"दीड सेंटिमीटर," मी मान ताठ ठेवून म्हणाले. "पण याच पायावर उभी राहून मी दिवसाला वीस माणसं चालती करते. तुमच्या भाच्याचा खांदाही माझ्याच हातचा. विचारा त्यांना."

तेजस उठला, दारात उभा राहिला आणि उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत… कानापर्यंत… तिथे क्षणभर अडला. माझा खांदा आपोआप वर गेला. आणि त्याचा तळवा थेट चौकटीच्या माथ्याला टेकला!

आत्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्या वर गेलेल्या खांद्याकडे.

"अगंबाई! हात त्यानं उचलला आणि धाप हिला लागली!" कप खाली ठेवत त्या म्हणाल्या. "मग माझा गुडघा कधी बघतेस?"

"आत्ताच. पण आधी अंगणात चालून दाखवावं लागेल."

ओसरीत हशा पिकला. काकू डोळे पुसत, मी तिचीच पोर असल्याचं सगळ्यांना सांगत सुटली, "मन्ही पोर शे ती, मन्ही!" आणि आत्या खरंच पदर खोचून अंगणात उतरल्या.

तेजस माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "स्वयंपाकघरापासून इथवर… किती झाली पावलं?"

लहानपणापासून त्या घरातलं प्रत्येक अंतर मला पाठ होतं.

"ठाऊक नाही," मी म्हणाले, आणि त्याच्याआधी पायरी उतरले.