ठशातला पंजा

विषय : पडक्या देवळातील शिलालेखाचा ठसा दुसऱ्यांदा घेण्याबाबत.
संदर्भ : ठसेवाल्याचा अर्ज, बारा वर्षांपूर्वीचा.

हसू नका रे. चौतीस वर्षं कारकुनी केली. भुताचं सांगायचं तरी विषय-संदर्भाशिवाय तोंड उघडत नाही.

ठसेवाला आमच्या कार्यालयात रोजंदारीवर होता. शिलालेखावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वाळला की सोलून आणायचा. साहेब म्हणाले, "एवढा ठसा नीट आण, तुला कायम करतो." घरी दोन मुली. निघाला एकटाच.

देऊळ फारसं कुणाला ठाऊक नसलेलं. छप्पर नाही, देव नाही. शेताच्या कडेला वीतभर जाडीची शिळा तेवढी उभी.

तारीख चौदा डिसेंबर. बस रखडली, म्हणून काम सुरू झालं संध्याकाळी सात चाळीसला. भुतांनी बाराचीच वेळ पाळावी असा काही नियम नाही.

बॅटरीच्या उजेडात तो ठोकत होता. ठप, ठप. घाम पुसायला थांबला.

ठप. ठप.

मागून कुणी चेष्टा करतंय म्हणून शिळेला वळसा घातला. मागे शेत. मोकळं.

पुढे आला. कान लावला.

आवाज दगडातून येत होता...

"मग पळाला ना, काका?"

"कायम व्हायचं होतं त्याला. पळतो कसला!"

कागद वाळेपर्यंत थांबणं भाग होतं. शिळेकडे पाठ करून बसला. मध्यरात्री आवाज बंद झाला. ते जास्त वाईट...

उजाडल्यावर कागद सोलला. ओळींच्या मधोमध एक पंजा. पाच बोटं. दगडाच्या बाजूने बाहेर दाबलेली.

साहेबांनी शेरा मारला, 'ठशात अनावश्यक खूण. पुन्हा घ्यावा.' त्याने अर्ज केला, 'जातो. पण सोबत एक माणूस मिळावा.'

"तुम्ही जायचंत की!"

"माझी रजा शिल्लक होती. ती मी घेतली."

...

निवृत्तीच्या दिवशी कार्यभार सोपवताना ती फाइल उघडली. अर्जाला तो ठसा जोडलेला. अर्जात स्पष्ट लिहिलंय, पंजा एक. चष्मा पुसून मी ठशातले पंजे पुन्हा मोजले.

दोन.

फाइल बांधून होती तिथे ठेवली.

ठसेवाला अजून रोजंदारीवरच आहे. अर्ज प्रलंबित आहे.