बोगद्यातलं घोंगडं

सरका जवळ. ए शिवू, मुतायचं आसंल तर आत्ताच जाऊन ये. मागनं माजा हात धरशील, आन मी काय उटणार न्हाय, गुडगं दुखत्यात.

ही आपल्या येडू धनगराची गोष्ट. गेल्या सालची. पौषातली आमुशा, बुधवारची रात.

येडू मंगळवेढ्याकडनं मेंढरं घिऊन सांगोल्याच्या अंगाला निगाला हुता. तळ हायवेच्या पल्याड. दिसभर चालून पाय निस्तं वढत हुता गडी. त्यात वाटंतच काळी मेंढी याली. बापाच्या हातची ती शेवटची मेंढी. कोकरू वल्लं, थंडी आशी की दात वाजावं. तळावर चुलीपाशी न्हेलं तरच जगणार. घेतलं काखंत.

हायवेखालचा बोगदा तुमी बघितलाय की. तितं आदी माळ हुता. येडूचा बाप, बिरू म्हातारा, तितंच पुरल्याला, आंगावरच्या घोंगड्यासकट. मंग रस्ता आला. येडू लई फिरला, "बापाची जागा तेवडी सोडा सायब." सायब म्हणला, बघू. बघितलं... वर पूल बसला. तवापस्नं येडू बोगद्यातनं जात नव्हता. लांबनं वळसा घालायचा. त्या रातीला वळसा घालायचं बळच न्हाय राह्यलं.

आत शिरला. वर कंटेनरनं हारन मारला. मेंढरं उधळली. येडूनं कोकरू बोगद्याच्या भिंतीकडंला ठिवलं, मेंढरांमागं पळाला. वळवून आणली. ब्याटरी मारली.

कोकरू न्हाय.

रगत न्हाय. कुत्र्याचं पाऊल न्हाय. काळी मेंढी भिंतीकडं बघत उबी. वरडंना. हलंना.

हसू नगंस शिवू. माज्या खोड्या तुला म्हाईत हायत, पर ही माजी न्हवं.

आंदारात कोन तरी खोकलं. मंग टाळ्याला जीब लावून... च्यॅक... च्यॅक...

बिरू म्हातारा आसंच बोलवायचा. दुसऱ्याच्या हाकंला मेंढरं हलत न्हाईत. ही मातूर हलली. सगळी. गप निगाली त्या आवाजामागं.

"आबा?"

...

"आबा, लई दमलोय गा."

...

च्यॅक. फुडं. लांब. तळापत्तूर.

तळावर आई, बनाबाई, सरपण घिऊन नुकतीच आल्याली. म्हणली, "आरं, मेंढरं मागं आन कोकरू आदी कुणासंगं धाडलंस? मी यीपत्तूर चुलीपाशी ठिवून कोन गेलं?"

कोकरू चुलीपाशी. घोंगड्यात गुंडाळल्यालं. कोरडं खडखडीत. घोंगडं मातूर वल्लं.

येडूनं कोपरा उजेडात धरला. तांबड्या दोऱ्याचं ठिगाळ.

बनाबाईच्या हातनं सरपण पडलं. टाका तिचाच हुता. नवऱ्याला पुरताना तिनंच ते त्येच्या आंगावर घातल्यालं.

कोकरू जगलं. आता शिंगं फुटल्यात त्याला. घोंगडं बनाबाई रोज उनात टाकती. औंदाचा उन्हाळा सुदिक गेला...

वाळलं न्हाय.