सात नंबरचे नऊ

आमची पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या हातात गेरूचा डबा होता आणि माझ्या हातात दगड.

दगड मी मारणार नव्हते... बहुतेक. पण वर्तकनगरच्या मागे टेकडीच्या उतारावर जी बाग आहे ना, तिथली निम्मी झाडं माझ्या आप्पांनी लावलेली. तीस वर्षं ते तिथे माळी होते. आता गुडघे गेले, म्हणून खिडकीत बसून नुसते टेकडीकडे बघतात. आणि त्या रविवारी सकाळी सकाळी हा कोण उपटसुंभ आप्पांच्या बकुळीवर ब्रशने लालभडक ‘१८’ काढत उभा!

झाडावर आकडा म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आधी आकडा, मग कुऱ्हाड, मग बिल्डिंग. रस्ता रुंद झाला तेव्हा वडांवर असेच आकडे पडलेले. पंधरा दिवसांत वड गायब.

“ओ मिस्टर! कुठल्या बिल्डरचे तुम्ही?”

तो इतका दचकला, की डबा त्याच्याच पायावर सांडला. पांढरे कॅनव्हासचे बूट क्षणात लाल.

“बिल्डर? नाही हो... मी खेळायला आलोय.”

“गेरूने?”

“नाही, हिने.” त्याने पिशवीतून एक लाल प्लॅस्टिकची थाळी काढली. नाश्त्याच्या बशीपेक्षा जराशी मोठी, कडेला पातळ. “ही एका नंबरापासून फेकायची. पडेल तिथून परत फेकायची. पुढच्या नंबराच्या झाडाला लागली की तो नंबर संपला. असे अठरा नंबर. कमीत कमी फेकींत जो संपवेल तो जिंकला. डिस्क गोल्फ म्हणतात.”

“कुठे म्हणतात?”

“अमेरिकेत.”

“मग तिकडे जाऊन खेळा की!”

तो हसला. गालाला खळी पडते, हे मी तेव्हाच पाहिलं. आणि मनात म्हटलं, सगुणा, सावध. खळीवाली माणसं जास्त डेंजर.

तुम्ही म्हणाल, केवढी ही संशयी! हो, आहे मी संशयी. कोर्टनाक्यावर एका वकिलांकडे टायपिस्ट आहे. रोज आठ-दहा प्रतिज्ञापत्रं टाइप करते. ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...’ आणि त्याच्यापुढे जे काही येतं ना, ते वाचून भल्याभल्यांचा माणसांवरचा विश्वास उडेल. माझा उरलासुरला होता, तो साखरपुड्यात गेला. मुलगा बँकेत पर्मनंट म्हणून सांगितलेलं. आम्ही चौकशी केली, सगळ्यांनी गोडवे गायले. लग्नाला नऊ दिवस असताना कळलं, बँकही नाही आणि नोकरीही नाही. त्या दिवशी ठरवलं, आता कुणाच्या शब्दावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. पुरावा दाखवा, मग बोला.

तर मी पुढे झाले आणि तो ‘१८’ नखाने खरवडला. नखात गेरू आला. झाडं तोडणारे ऑइलपेंट वापरतात, ते निघत नाही. म्हणजे एक मुद्दा त्याच्या बाजूने.

“नाव?”

“गुरुदत्त. कोपरला राहतो. वागळे इस्टेटमध्ये ड्राफ्ट्समन आहे. दाजी बोटीवर असतात, त्यांनी या डिस्क आणल्या. पण आमचं कोपर सगळं सपाट हो... याला चढउतार लागतो.”

“पुढच्या रविवारपर्यंत अठराही आकडे पुसायचे. तोवर ही थाळी माझ्याकडे जप्त.”

“पावती मिळेल?”

“काय?”

“काही नाही, काही नाही...” असं म्हणत तो लाल बूट वाजवत उतरून गेला.

मला वाटलं, आता कसला येतोय! पण पुढच्या रविवारी आला. सगळी झाडं ओल्या फडक्याने पुसली आणि स्वतःच्या आईच्या जुन्या निळ्या साडीच्या चिंध्या करून, पुठ्ठ्यावर नंबर लिहून एकेका खोडाला सैलसर बांधल्या. घट्ट नाही. सालीला काचू नये म्हणून मधे बोट घालून बघत होता. आप्पा असंच बघायचे. घरी येऊन सांगितलं तर आप्पा म्हणाले, “झाडाला त्रास नाही ना देत? मग खेळू दे की गं बिचाऱ्याला.”

“बिचारा कसला! मी जाऊन लक्ष ठेवणार.”

“ठेव ठेव,” आई आतून म्हणाली. “केसांना तेल लावून जा लक्ष ठेवायला.”

अशी मी दर रविवारी राखणीला जायला लागले. आणि राखण करता करता हातात थाळी कधी आली, ते देवालाच माहीत.

खेळ मेला सोपा वाटतो, पण तसा नाही. फाटकापासून निघायचं, करंजांतून, नाल्याकाठाने वळसे घेत चढायचं, नऊ नंबरला तर सरळ अंगावर येणारा चढ थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. फेकलेली थाळी कडेवर उभी राहून घरंगळत पुन्हा आपल्याच पायाशी परत येते! मग पलीकडे उतरायचं, पुन्हा नाला, पुन्हा चढ. पुरे अडीच तास. घोटे बोलायला लागतात.

“मनगट सैल सोडा... असं. दाराची कडी काढल्यासारखं.”

“हात न लावता सांगा.”

“लावलाय कुठे?”

“लावणार होतात.”

“हे बरंय! म्हणजे न केलेल्या गुन्ह्याचीपण नोंद?”

मी हसू दाबलं. थाळी सुटली ती सुसाट, थेट तीन नंबरच्या कांचनाला ठण्ण! मी उडीच मारली. वळून बघते तर हा झाडाकडे बघतच नव्हता.

“काय बघताय?”

“झाड.”

“झाड तिकडे आहे.”

“अच्छा...? मग चुकलंच माझं.”

सगळं छान होतं, फक्त एक गोष्ट मला खुपायची. त्याची ती छोटी काळी डायरी. प्रत्येक नंबर संपला की तो तिच्यात काहीतरी लिहायचा, आणि लिहिताना हाताचा आडोसा धरायचा. फेकींचा एक आकडा लिहायला किती वेळ लागतो? हा अर्धा मिनिट लिहायचा!

“काय लिहिता एवढं?”

“तुमच्या फेकी, माझ्या फेकी.”

“दाखवा.”

“दाखवीन... कधीतरी.”

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. लपवण्यासारखं काहीतरी आहे, म्हणूनच लपवतोय ना?

आणि त्या खेळाचं आणखी एक मला पटायचं नाही. पंच नाही, अंपायर नाही. झुडपाआड तुमची थाळी कुठे पडली, किती फेकी लागल्या, थाळी नाल्यात गेली तर दंडाची एक, हे सगळं ज्याचं त्याने सांगायचं. दुसऱ्याने लिहून घ्यायचं. “असं कधी असतं होय?” मी म्हटलं. “आमच्या कोर्टात आणा हा खेळ, सगळे एकेका फेकीत संपवतील.”

खरं सांगू? मीच आधी केलं. सात नंबर, नाल्याकाठचा आपटा. माझी थाळी आधी घाणेरीच्या झुडपात अडकली, मग नाल्यात, मग परत घाणेरीत. तो वर होता, पाठमोरा. मी चपलेच्या टोकाने थाळी हळूच हातभर पुढे सरकवली. दंडासकट नऊ झाल्या होत्या.

“किती?” वरून आवाज आला.

“सात!”

तो खाली आला. माझ्याकडे क्षणभर बघितलं... आणि ‘सात’ लिहिलं. भोळा होता की बनेल, मला कळेना. त्या दिवशी मी त्याला दोन फेकींनी हरवलं आणि घरी आल्यावर जेवण काही गेलं नाही.

फाल्गुन लागला. टेकडीवर पळस पेटले, करवंदीच्या फुलांचा वास सगळ्या वाटेवर. नऊ नंबरच्या चढावर टाकीला टेकून आम्ही दोघं धापा टाकत होतो, तेव्हा तो एकदम म्हणाला, “सगुणा... मला तुम्ही आवडता.”

माझा श्वास आधीच वर होता, तो तिथेच राहिला. आणि तोंडातून निघालं काय?

“पुरावा?”

त्याचा चेहरा पडला. त्याने थाळीवरची माती पुसली. “पुढच्या रविवारी खेळ झाला की आप्पांना भेटायला यावं म्हणतोय. तुमचा विश्वास बसत नसेल तर... नाही म्हणा. मी चिंध्या सोडून नेतो. दुसरी टेकडी शोधीन.”

एक आठवडा! प्रतिज्ञापत्रांत मी नावंच्या नावं चुकवली. साहेब दोनदा ओरडले. हो म्हणावं, तर मागच्यासारखं झालं तर? पुन्हा आप्पांची मान खाली? आणि नाही म्हणावं, तर... तर रविवारी ती टेकडी रिकामी. ते काही डोळ्यांपुढे आणवेना.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी कोपर गाठलं. त्याच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर आवडाबाई नावाच्या म्हाताऱ्या भाजी निवडत होत्या. विम्याच्या चौकशीला आलेय, असं मी बेधडक ठोकून दिलं.

“गुरू ना? चांगला पोरगा हाय गो. कोनाच्या अध्यात नाय, मध्यात नाय.” मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. “पन दर रविवारी जातं कुठं, ते सांगत नाय. नटूनथटून जातं. पोरीचा लफडा असंल.”

माझ्या काळजात चर्र झालं. पोरगी! तरी म्हटलं, इतका सरळ कसा! तरातरा निघाले, रिक्षात बसले. रिक्षा अर्ध्या वाटेवर गेली तेव्हा डोक्यात उजेड पडला. अगं बावळट, ती पोरगी तूच!

पण चौकशी काय, मागच्या वेळीही छानच निघाली होती. उरला एकच उपाय. रविवारी उजाडताच मी अठरा नंबरच्या बकुळीजवळ करवंदीच्या जाळीत जाऊन लपले. मी नसताना हा कसा असतो, ते बघायचं होतं.

दोनेक तासांनी तो उतारावर दिसला. एकटाच, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, भसाड्या आवाजात काहीतरी गुणगुणत. पूर्ण बाग साठच्या आत संपवायची, हे त्याचं केव्हापासूनचं स्वप्न. कधी जमलं नव्हतं.

“सत्तावन्न झाल्या,” तो थाळीलाच सांगत होता. “आता दोन फेकी आणि बकूळ. एकोणसाठ. माझी राणी, आज लाज राख.”

फेकली. काय सुंदर वळली ती! आणि फांदीला घासून नाल्याच्या काठावर पडली. मी श्वास रोखला. तो धावत आला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. पायाने इतकंसं ढकललं असतं तर काम झालं असतं. मी तरी तेच केलं असतं... तेच केलं होतं.

तो मातीत पालथा पडला, एक डोळा मिटून काठाची रेष बघितली. मग उठून बसला. “चार बोटं आत आहे,” स्वतःशीच म्हणाला. “दंड एक.” आणि डायरी काढून लिहिलं. पुढची फेक बरोब्बर बकुळीला लागली. साठ. साठच्या आत नाही, साठ! त्याने त्या पानाकडे असं काही बघितलं, की मला रडू फुटायचं बाकी होतं.

मग त्याने बूट झटकले, भांग पाडला, आणि बकुळीसमोर हात जोडून उभा राहिला.

“नमस्कार आप्पा. मी गुरुदत्त. मला तुमची झाडं... म्हणजे सगुणा... सगुणा फार छान लावलीय तुम्ही... छ्या!”

मला हसू आवरलंच नाही. जाळी हलली, ओढणी काट्यात अडकली, आणि मी जवळजवळ त्याच्या पायांशी येऊन पडले.

“तुम्हाला माहीत होतं मी इथे आहे!” मी उठता उठता ओरडले.

“माहीत असतं तर झाडाला आप्पा म्हटलं असतं मी?”

मुद्दा बरोबर होता.

“मग एकोणसाठ का नाही लिहिलंत? कोण बघत होतं?”

“मी बघत होतो की,” तो साधेपणाने म्हणाला.

मी नुसता हात पुढे केला. या वेळी त्याने डायरी दिली.

चार रकाने आखले होते. तारीख, नंबर, फेकी आणि शेवटचा, कारण. सुरुवातीच्या पानांवर, जिथे जिथे फेकी जास्त, तिथे तिथे लिहिलेलं: वारा. फांदी. पाय घसरला. मग मी पहिल्यांदा थाळी हातात घेतली ती तारीख आली, आणि तिच्यानंतर... तीन नंबर, दोन जास्त: ‘तिच्याकडे बघत होतो.’ पाच नंबर, तीन जास्त: ‘ती हसली.’ नऊ नंबर, चार जास्त: ‘तिने केस मोकळे सोडले होते.’ पानामागून पान तेच. माणसाने आपल्याच चुकांची अशी प्रामाणिक यादी केलेली मी कोर्टनाक्यावर उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

माझे डोळे भरून आले. पुरावा मागत होते ना? हा घे.

“गुरुदत्त... त्या दिवशी सात नंबरला मला नऊ लागल्या होत्या. मी सात सांगितल्या. चपलेने सरकवलीसुद्धा.”

“माहीत आहे. थाळीचे आवाज वर येत होते.”

“माहीत आहे? मग बोलला का नाहीस?”

‘नाहीस’ म्हटलं मी. दोघांनाही ऐकू आलं.

“वाटलं, तू सांगशील कधीतरी,” तो हळूच म्हणाला. “म्हणून थांबलो होतो.”

सगळ्या जगावर संशय घेत फिरणारी मी, आणि खोटं बोलणारी त्या टेकडीवर एकटी मीच! आणि तरीही हा थांबला होता.

“पेन्सिल दे.”

ते पान काढलं. माझ्या फेकींचा सात खोडला, नऊ लिहिले. शेजारचा रकाना रिकामा होता. त्याच्यापासून हाताचा आडोसा धरून मी लिहिलं, अर्धा मिनिट लागला, आणि डायरी त्याच्या हातात देऊन फाटकाकडे चालू लागले. आप्पा खिडकीत वाट बघत असतील म्हणून.

मागे बूट धावत आल्याचा आवाज आला. त्याने वाचलं होतं.

कारण: ‘त्याच्याकडे बघत होते.’