भुशाच्या पिंपातली ऊब

पिंप गरम होतं.

मोठ्या सुनेने हात लावला आणि झटकन मागे घेतला. कारखान्यात काल संध्याकाळपासून सगळं बंद होतं. करवत बंद, रंधा बंद, पंखा बंद. भुशाचं पिंप सकाळी दगडासारखं गार असायला हवं. हे तर ताप चढलेल्या पोराच्या कपाळासारखं लागत होतं.

तिची नजर छताकडे गेली. वर सासरे झोपले होते. आयुष्यभर लाकूड कापून छातीत धूळ बसलेली, जिना उतरायची ताकद उरलेली नाही. त्यांच्यासाठीच तर हा खटाटोप मांडला होता. भिंतीवरून जाड पाइप, प्रत्येक यंत्रापाशी त्याचं एकेक तोंड, तोंडाला सरकती झडप आणि शेवटी सगळी धूळ गिळून या पिंपात ओकणारा पंखा. पंखा असा जोरकस, की शेजारच्या बोक्याची एक मिशी त्याने गिळली आणि लाजेने बोका महिनाभर घराबाहेर पडला नाही, असं धाकटा दीर शपथेवर सांगायचा.

आज मात्र हसू येत नव्हतं.

"अहो! लवकर खाली या!"

मिस्त्री, म्हणजे तिचा नवरा, धावत आला आणि थेट झाकणाला भिडला.

"उघडू नका! हवा लागली की भडकेल!"

दोघांनी पिंप अंगणात ढकललं, ओली पोती टाकली, पाण्याचा मारा केला. पोत्यांखालून धुराची बारीक रेघ निघाली आणि विझली. तासभर उशीर झाला असता तर?

"ही दुसरी वेळ," मिस्त्री म्हणाला. "मागच्या आठवड्यात पिंप असंच तापलं, तेव्हा योगायोग म्हटलं. आता नाही म्हणणार." बाही वर करून त्याने डाव्या हाताने धाकट्याच्या खोलीकडे बोट दाखवलं. मनगटाच्या वर त्या हातावर केसांचा पत्ता नव्हता, एखाद्या न्हाव्याने शिकाऊपणी तिथेच सराव केल्यासारखा. "भांडणात काय म्हणाला होता? जळून जाऊ दे तुझा कारखाना! आज तो या घरातून जाणार."

धाकटा दारातच उभा होता. हातात पिशवी. आरडाओरडा ऐकून आधीच भरलेली.

"थांबा," ती म्हणाली. "घर पेटवणारा घरातच असेल तर मलाही कळू दे. भावजी, काल काय कापलंत?"

"सकाळी शिसवी. दुपारी माल पोचवायला गेलो."

"परत कधी आलात?"

"दिवेलागणीला. कारखाना बंद होता, वहिनी."

"किल्ली आहे त्याच्याकडे!" मिस्त्री गरजला. "खिशात काडेपेटी आहे. आणि आत्ता आलो तेव्हा जमिनीलगतची झडप तेवढी उघडी होती, ग्राइंडरखालची. तिथूनच काडी टाकली याने."

"काडेपेटी मेण वितळवायला लागते, दादा. तूच दिलीस."

"पाहिलं? तोंड वर करून बोलतोय!"

तिने फावडं घेतलं आणि पिंपातला भुसा वरून थराथराने उपसू लागली. सगळ्यात वर काळा, जळका गोळा. त्याखाली पाइनचा पांढरा भुसा. तळाशी शिसवीचा तांबूस.

"वरचा पांढरा कुणाचा?"

"माझा," मिस्त्री म्हणाला. "दुपारी पाइनला रंधा मारला."

तिने भिंतीवरचं स्क्रू वेचायचं लोहचुंबक आणलं आणि जळक्या गोळ्यात फिरवलं. बाहेर आलं तेव्हा त्याला काळी दाढी फुटली होती.

"काडी लोखंडाची नसते," ती हळूच म्हणाली. "हा लोखंडाचा कीस आहे. ग्राइंडरवर धार लावताना उडतो तो. उडताना तो कीस नसतो, ठिणगी असते. उघड्या झडपेतून पंख्याने ती ओढली आणि कोरड्या भुशात नेऊन पुरली. मग रात्रभर ती आपल्या पायाखाली पिकत बसली."

"मग धार यानेच लावली!"

"भावजी, मिस्त्रींच्या पटाशीला कधी हात लावलात?"

"वहिनी, नुसती नजर लावली तरी बोंब ठोकतो तो."

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, डावा हात पुढे करा."

मिस्त्रीने हात पाहिला. चेहऱ्याचा रंग उतरला. लाकूड कोरायच्या पटाशीला धार लागली की नाही हे तो नेहमी हातावरचे केस भादरून बघायचा.

"पाइन संपल्यावर पटाश्यांना धार लावलीत ना? मागच्या आठवड्यातही?"

"बाबा वर खोकत होते," तो पुटपुटला. "ग्राइंडरची धूळ वर जायला नको म्हणून..." त्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे त्याच्याच अक्षरात रंगवलं होतं: धूळ दिसली की झडप उघडा. "मला ती धूळच वाटली गं."

वरून खोकल्याची उबळ आली. तिघेही दचकले. मग तिघांनाही बरं वाटलं, कारण खोकणारा माणूस वर जिवंत होता.

मिस्त्रीने भावाची पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. परत आला तो आपली सगळ्यात लाडकी पटाशी घेऊन. मुठीकडून पुढे केली.

"धर. माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला. यापुढे धार तू लावायची. बाहेर, अंगणात."

"आणि बघायची कुणाच्या हातावर? माझे केस मला हवेत, दादा."

त्या संध्याकाळी पिंप रिकामं करून अंगणातच ठेवलं होतं. वर जाण्याआधी तिने त्यावर तळवा टेकला. गार होतं. तरी हात उचलायला तिला बराच वेळ लागला.