लामदुआनच्या हॉटेलातली अकरावी खोली

१२ एप्रिलला दुपारी दोन वाजता प्राचुआपमधल्या माझ्या बहिणीच्या हॉटेलात नाखोन पथोमहून एक जोडपं आलं आणि त्यांनी अकरा नंबरच्या खोलीची किल्ली मागितली. हॉटेलात खोल्या दहाच आहेत.

काउंटरवर मी होतो. एरवी मी जिल्ह्याच्या दैनिकात बातम्या लिहितो. सोंगक्रानच्या, म्हणजे एकमेकांना पाण्यानं भिजवायच्या नववर्षाच्या सुट्टीत मात्र लामदुआनताई मला रजा काढायला लावते, कारण त्या आठवड्यात तिला पाहुण्यांपेक्षा फोनच जास्त सांभाळावे लागतात. आपले थाई लोक बुकिंगच्या साइटवर खोली घेतात, मग ती खरंच मिळाली का हे विचारायला फोन करतात, पैसे भरल्याच्या पावतीचा फोटो पाठवतात आणि बसमध्ये बसल्यावर पुन्हा फोन करून जिन्यासमोरची खोली नको म्हणतात. परदेशी पाहुणे फोन करत नाहीत. ते काउंटरसमोर उभे राहून आमचा दरफलक वाचतात आणि आमच्या डोळ्यांदेखत मोबाइलवर तीच खोली स्वस्तात घेतात. एकच खोली तीन साइट विकतात आणि तिघींनाही एकमेकींची खबर नसते.

तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मी जोडप्याला थंड पाणी दिलं आणि त्यांचं बुकिंग पाहिलं. हॉटेल आमचंच होतं. पत्ता, ताईचा नंबर, सगळं बरोबर. 'खोली क्रमांक अकरा, वरचा मजला, व्हरांड्याच्या टोकाला, समुद्राकडे खिडकी.' वरच्या व्हरांड्याच्या टोकाला फिकट हिरवी भिंत आहे आणि तिला टेकून एक लाकडी बाक. भिंतीपलीकडे बाजाराचे पत्रे आणि त्यामागे रेल्वेचे रूळ.

फोटोही होते. स्वच्छ खोली, निळी खिडकी, खिडकीत समुद्र आणि समुद्रात बुडणारा सूर्य. मी फोटो थोडा मोठा केला. प्राचुआपमध्ये सूर्य समुद्रातून वर येतो आणि ब्रह्मदेशाकडच्या डोंगरांमागे मावळतो. कुठल्या तरी दुसऱ्या गावचा फोटो चिकटवलाय, असं मी जोडप्याला सांगितलं. ते समजूतदारपणे हसले, पण बाई म्हणाल्या की खिडकीतून दिसणारी तीन बेटं आणि मासेमारीचा तो लांब धक्का इथलाच आहे, आत्ताच चालत येताना पाहिला.

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं ऐकून घेतलं आणि मला ज्याची भीती होती तेच केलं. समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं तिला जमत नाही. तिच्या चेहऱ्यावर एक अपराधी हसू येतं आणि हात किल्ल्यांच्या फळीकडे जातो. तिनं त्यांना चार नंबरची किल्ली दिली.

चार नंबर इंगसाठी ठेवला होता.

इंग तिची एकुलती मुलगी, बँकॉकला असते. गेल्या सोंगक्रानला ती नवऱ्याला, तोनला, पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा ताईनं तिची खोली अशाच कुणा पाहुण्याला दिली होती आणि नवं जोडपं समोरच्या हॉटेलात झोपलं होतं. या वर्षी इंगनं महिनाभर आधी फोन करून शांतपणे सांगितलं होतं, "आई, खोली नसेल तर आत्ताच सांग. यापुढे आम्ही दरवर्षी राचबुरीला सासूबाईंकडे जाऊ. तिथं निदान माझ्या नावाची उशी असते."

"आता तिला काय सांगशील?" मी विचारलं.

"ती संध्याकाळी येणार. तोवर कुणीतरी बुकिंग रद्द करेल."

"सोंगक्रानला?"

"तू नको बोलूस, साथित. तू फोन लाव."

मी साइटच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीनं अगदी गोड आवाजात सांगितलं की अकरावी खोली हॉटेलनंच मार्चमध्ये नोंदवली आहे, पाहुणे तिथं राहून गेले आहेत आणि त्यांना ती आवडली आहे. सध्या तिथं बुकिंग असल्यामुळे ती यादीतून काढता येणार नाही. मी पाहुण्यांचे अभिप्राय वाचले. चोनबुरीच्या एका गृहस्थांनी दहापैकी नऊ गुण दिले होते. खोली शांत आहे, गादी उत्तम, समुद्राचा वारा येतो. एक गुण कापला होता, कारण खाली परत यायला फार वेळ लागला.

शेजारचे प्रयुनकाका बदकाचं मांस घातलेल्या शेवयांची गाडी लावतात. पाणी उडवणाऱ्या पोरांपासून शेगडी वाचवत ते सगळं ऐकत होते. दोष साइटचा नाही, ताईचा आहे, असं त्यांचं मत पडलं. जानेवारीत ताईनं अंगणातल्या वास्तुदेवतेच्या देवळीपुढे नवस बोलला होता, तेव्हा काका तिथंच होते. नाव, घर नंबर, ओळखपत्राचा नंबर, सगळं रीतीप्रमाणे सांगून ती म्हणाली होती की माझ्या दारी आलेल्या कुणालाही खोली नाही म्हणून परत जावं लागू नये. उकडलेली शंभर अंडी वाहीन.

"खोल्या किती, ते सांगितलंस का?" काकांनी विचारलं.

"त्यांना दिसत नाही का? अंगणातच तर राहतात."

"देवाशी बोलताना सगळं फोडून सांगावं लागतं बाई. तू काय, बँकेत गेल्यावरही असंच मोघम बोलतेस?"

ताईला हसू आलं. मग ती गळ्याला ओला टॉवेल गुंडाळून गावात कुठं खोली मिळते का बघायला निघाली. समोरच्या हॉटेलवाल्यांशी ती वर्षभर बोलत नव्हती; तिथंही गेली.

इंग आणि तोन पाचच्या सुमाराला आले. दोघंही नखशिखांत भिजलेले, गालांवर सणाची पांढरी पावडर फासलेली, इंगच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बंदूक. मी फोनवर होतो. हुआहिनच्या एक बाई आपलं बुकिंग खरं आहे का, हे तिसऱ्यांदा विचारत होत्या. इंगनं मला मागून मिठी मारून माझा सदरा भिजवला, काउंटरवरून काहीतरी उचललं आणि म्हणाली, "मामा, आम्ही वर जातो. आधी अंघोळ, मग पाया पडते." मी मान हलवली. जिन्यावर त्यांची ओली पावलं उमटत गेली.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना किल्ली दिलीच नव्हती.

ताई हात हलवत परतली. तिला सांगायला मी तोंड उघडणार तेवढ्यात तिचाच मोबाइल वाजला. इंगचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई, मी उगीच तुला बोलले गं. काय खोली काढलीयस! तोन तर खिडकीतून हलतच नाही."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "कुठली खोली, बाळा?"

"टोकाची. नवीन बांधलीस आणि बोलली नाहीस?"

आम्ही वर गेलो. ओली पावलं व्हरांड्यातून सरळ गेली होती, दोन मोठी, दोन लहान. ती बाकापर्यंत गेली होती. बाक बाजूला सरकवलेला होता.

पुढे भिंत होती.

"दार उघड, इंग," ताई फोनमध्ये म्हणाली.

"उघडंच आहे. तू ये ना."

"मी दारातच आहे."

फोनमध्ये समुद्राचा वारा ऐकू आला. मग इंग हसली.

"नाहीयेस, आई. मी दारातच उभी आहे."

ताईनं भिंतीला हात लावला. मीही लावला. दिवसभर उन्हात तापणारी ती भिंत गार होती.

मी पोलीस ठाण्यात गेलो, दुसऱ्याच दिवशी. हवालदारानं नाव, वय लिहून घेतलं, इंगचा नंबर फिरवला, तिच्याशी पाच मिनिटं हसतखेळत बोलला आणि कागद फाडून टाकला. बेपत्ता माणूस फोन उचलत असेल तर तक्रार कसली घ्यायची, असं त्याचं म्हणणं. गवंडी बोलावून भिंत फोडली. पलीकडे बाजाराचे पत्रे दिसले. इंग म्हणाली, मघापासून कसलीतरी ठोकाठोक चालू आहे, पण आवाज लांबचा आहे. भिंत पुन्हा बांधून घेतली. ताईनं शंभर अंडी वाहिली. नंतर चुकून एखादं कमी पडलं असेल म्हणून आणखी वीस.

इंग रोज फोन करते. ती मजेत आहे. तोन तिथूनच ऑफिसचं काम करतो. त्याचे साहेब खूश आहेत, कारण आमच्यापेक्षा तिथलं इंटरनेट बरं चालतं. परत कधी येणार, असं विचारलं की ती म्हणते, निघतोच आहोत, एवढा सूर्य मावळू दे.

ताई पहिले दोन आठवडे रडली. मग रडायची थांबली. रोज व्हरांड्यात बाकावर बसून ती लेकीशी तास-तासभर बोलते. इतकं त्या दोघी इंग शाळेत असतानाही बोलल्या नव्हत्या.

आज २० मे. सकाळी ताईनं मला बोलावून घेतलं, काउंटर माझ्याकडे सोपवला आणि कुठल्याही पाहुण्याला नेऊन देते तसे घडी केलेले टॉवेल घेऊन वर गेली. दुपारी मी जेवायला हाक मारली. व्हरांड्यात कुणी नव्हतं. बाक सरकवलेला होता. फोन लावला तर ताईनंच उचलला. इथं वारा छान आहे, मी जेवले, तू उन्हात फिरू नकोस, असं म्हणाली.

चार वाजता साइटवर संदेश आला. अकरा नंबरच्या पाहुण्यांनी एका माणसासाठी जादा गादी मागितली होती. विनंतीची तारीख कालची होती. खाली दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य.

मी एकही दाबलं नाही. गाद्यांची कोठी उघडून पाहिली. एक गादी कमी आहे.