गाडी कुणाची वाट बघत होती?

बंद खाणीच्या काठावर गाडी उभी होती. आपली आपण चालणारी, ड्रायव्हर नसलेली गाडी. मागचं दार सताड उघडं. तिच्या मालकाचं, औषधांच्या कारखानदाराचं, प्रेत नुकतंच खालच्या पाण्यातून काढलं होतं.

"सरळसरळ आत्महत्या," हवालदार म्हणाला.

कारखानदाराची मुलगी दगडावर बसून होती. "बाबा मला न सांगता असे जाणार नाहीत. मॅडम, एवढंच शोधून द्या. नाहीतर माझं काय चुकलं, हेच मी जन्मभर विचारत बसेन."

इन्स्पेक्टर बाई गाडीकडे वळल्या. त्यांनी गाडीचं दार लावलं. ते हळूच पुन्हा उघडलं. आतला दिवा श्वास घेतल्यासारखा मंद व्हायचा, उजळायचा. भरदुपारी रिकाम्या गाडीला भ्यायचं म्हणजे हद्दच झाली. पण बाईंना भीती वाटली खरी.

"ही हलत का नाही?"

"कुणाची तरी वाट बघतेय," गाडीच्या कंपनीतून बोलावलेला मेकॅनिक म्हणाला.

"मेलेल्या माणसाची?"

"छे हो! ही प्रत्येकाचा स्वभाव वेगळा शिकते. साहेबांना वळणावर सावकाश लागायचं, जावयांना सुसाट. नव्या माणसाचा मात्र शब्द न् शब्द खरा धरते. पहिल्याच दिवशी साहेब उतरताना 'येतो' म्हणाले, तर ही संध्याकाळपर्यंत दार उघडून उभी! सगळे हसून बेजार. मग शिकली बापडी."

बाई मुलीशेजारी उभ्या असलेल्या जावयाकडे वळल्या. "तुम्ही या गाडीत बसता?"

"रोज. सासऱ्यांबरोबर कारखान्यात जातो. काल मात्र तापाने घरी पडून होतो."

"आणि तुम्ही?"

बाजूला उभा असलेला साहेबांचा कारखान्यातला भागीदार डोळे टिपत म्हणाला, "मी? या भुताटकीत मी आजवर पाऊल ठेवलं नाही."

"मग आज ठेवा. जरा आत बसून बघा."

तो नाइलाजाने बसला. "बसलो. आता काय?"

दार आपसूक लागलं. आतून अदबशीर आवाज आला, "आलात? तुमचीच वाट बघत होते. निघायचं?"

भागीदाराचा चेहरा पांढराफटक पडला. तो दाराची कडी ओढत सुटला.

मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा बाई समोरच उभ्या होत्या. "साहेब किंवा जावई 'येतो' म्हणाले असते, तर गाडी दार लावून निवांत घरी गेली असती. त्यांचं बोलणं तिला कळतं. ती थांबली, म्हणजे काल कुणीतरी पहिल्यांदाच बसलं होतं. साहेबांना ढकलून तुम्ही गाडीत राहिलेलं आपलं काहीतरी घ्यायला परत आलात, आणि निघताना सवयीने गाडीलाच 'येतो' म्हणालात. माणूस मारलात, पण 'जातो' म्हणायला काही जीभ वळली नाही."

"मी समजवायलाच आलो होतो," तो पुटपुटला. "बिघडलेल्या औषधाचं तो सगळ्यांना सांगणार होता. ऐकेचना."

हवालदाराने त्याला बेड्या घातल्या. मुलगी उठून बाईंजवळ आली.

"म्हणजे बाबा... आपणहून नाही ना?"

"नाही गं. त्यांना ढकललं."

मुलगी बाईंच्या गळ्यात पडली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच पोटभर रडली.